अँटिगनीच्या जागी भाऊ असता तर?

बग सापडत नसेल तर आम्ही बाकी सगळं तसंच ठेवून एकच व्हेरिएबल बदलून पाहतो. सोफोक्लीजचं ‘अँटिगनी’ वाचताना मी तेच केलं.

गोष्ट थोडक्यात अशी. थीब्जच्या गादीसाठी दोन भाऊ लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. नवा राजा क्रेऑन, त्यांचा मामा, एकाला सन्मानाने पुरतो. शहरावर चालून आलेल्या दुसऱ्याचं प्रेत उघड्यावरच ठेवायचं फर्मान काढतो. बहीण अँटिगनी फर्मान मोडून त्याच्यावर माती टाकते.

आता तिच्या जागी तिसरा भाऊ ठेवा. क्रेऑन त्यालाही कदाचित मारेल, पण गादीचा दावेदार म्हणून. भांडण सत्तेचंच राहील. अँटिगनीमुळे ते वेगळं होतं. प्रेतावर माती पडल्याचं कळताच क्रेऑन विचारतो, कोणत्या पुरुषाची ही हिंमत? बाईची शंकाही त्याला येत नाही. ती पकडली गेल्यावर तो म्हणतो, ही सुटली तर पुरुष मी नव्हे, ही. त्याचा मुलगा हेमॉन, तिचा होणारा नवरा, सांगतो की लोक तिच्या बाजूने आहेत. तर तो बाईचा गुलाम ठरतो. मूळ मुद्दा राहतो बाजूलाच.

गंमत म्हणजे ग्रीकांमध्ये प्रेताला आंघोळ घालणं, विलाप करणं हे बायकांचंच काम होतं. म्हणजे ती चांगल्या बहिणीचं कर्तव्यच करते आणि त्यातूनच गुन्हेगार ठरते. इ.स.पू. 441च्या सुमारास हे नाटक झालं, तेव्हा तिची भूमिकाही मुखवटा घातलेल्या पुरुषानेच केली. रंगमंचावरची भीतीही मला पुरुषांचीच वाटते.

हे सगळं अडीच हजार वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या एका सीनिअर सहकारी मुलीने एक रिलीज थांबवायला सांगितलं. युजर्सचा डेटा नीट सुरक्षित नव्हता. मीटिंगनंतर तिला ‘इमोशनल’ म्हटलं गेलं. त्याआधी अशाच कारणासाठी मी अडून बसलो होतो, तेव्हा मला ‘प्रिन्सिपल्ड’ म्हटलं होतं. व्हेरिएबल एकच बदललं होतं, आणि ते मला तिथेच दिसलं होतं. मी गप्प बसलो.

नाटकात अँटिगनीची बहीण इस्मीनी सुरुवातीला मागे हटते. आपण बायका, पुरुषांशी कशा लढणार, असं तिचं म्हणणं. माझ्याकडे तेवढंही कारण नव्हतं.