चौकशी कोणासाठी?

धाकट्या भावाची आधी झोप गेली, मग जेवण सुटलं, आणि पुढे पुढे गल्ल्यावर बसूनही तो गिऱ्हाइकाशी बोलेनासा झाला. मानसोपचारतज्ज्ञ शोधण्याचं काम थोरला म्हणून माझ्याकडे आलं. ते मी इतक्या कसोशीने करू लागलो की माझा मलाच संशय आला.

कारण तेलंगणातल्या आमच्या याच इचोड्यात ताप आला की आम्ही सरळ आरएमपीकडे, म्हणजे गावातल्या बिनपदवीच्या डॉक्टरकडे जातो. सुई घेतो, पैसे देतो, घरी येतो. त्याची पदवी आमच्या घरात आजवर कोणी विचारलेली नाही. मनाच्या डॉक्टरची मात्र मला पुरती कुंडली हवी होती.

तशी ती पाहणं योग्यच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत डॉक्टरचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकला, की कोणत्या परिषदेकडे आणि कोणत्या साली नोंद झाली ते मोबाइलवर दिसतं. हा क्रमांक दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर छापणं डॉक्टरांना 2002च्या नियमांनी बंधनकारक केलेलं आहे. एमबीबीएसच्या पुढे मानसोपचारातली एमडी, डीएनबी किंवा डीपीएम आहे का, हे पाहायचं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळे. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, त्यांचं काम बोलण्यातून चालतं, गोळ्या ते लिहून देत नाहीत. एवढं कळायला एक संध्याकाळ पुरते. मी मात्र महिना लावला, आणि त्या महिन्यात भाऊ तसाच भिंतीकडे तोंड करून पडून होता.

इथून आदिलाबाद तीसेक किलोमीटर. तिथे रिम्स आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, बाह्यरुग्ण विभागाची चिठ्ठी काढली की झालं. तरी माझ्या यादीत पहिलं नाव नागपूरचं होतं, दोनशेहून जास्त किलोमीटर लांबचं. घरी मी कारण दिलं भाषेचं. आपलं दुखणं आईच्या भाषेत सांगता यायला हवं, तेलुगू डॉक्टरला मराठी उदासी कशी कळणार, वगैरे. कारण खोटं नव्हतं. मनाच्या तपासणीत एक्स-रे नसतो, रुग्ण काय आणि कसं बोलतो यावरच बरंच काही ठरतं. पण आमचा हाच भाऊ उधारीवरून तेलुगूत तासभर भांडू शकतो. खरं कारण रिम्सच्या बाकावर बसलेलं असणार होतं: इचोड्याचं कोणीतरी ओळखीचं. ‘काय हो, इकडे कसे?’ हा एक प्रश्न चुकवायला मी आजारी माणसाला दिवसभर गाडीत बसवायला निघालो होतो.

आमच्याकडे कोणी जरा वेगळं वागलं की ‘एर्रागड्ड्याला पाठवा’ म्हणतात. हैदराबादचं जुनं मनोरुग्णालय तिथलं. महाराष्ट्रातले पाहुणे येरवडा म्हणतात, एवढाच फरक. या विनोदावर मीही हसलेलो आहे, चांगला मोठ्याने.

मग विम्याचं. इथे माझा लोभ आणि माझी लाज एकमेकांसमोर आली. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017चा. त्याच्या कलम 21नुसार शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजारालाही द्यावा लागतो, आणि 2018 साली विमा नियामकाने कंपन्यांना तसं कळवलंही. हे वाचून मी खूश झालो. पण बहुतेक पॉलिसी पैसे देतात ते दाखल झाल्यावर. भावाला लागणार होती महिन्यामहिन्याची तपासणी आणि गोळ्या, तो खर्च खिशातूनच जायचा. आरोग्यश्री या राज्य सरकारच्या योजनेचाही आधार मुख्यतः दाखल होण्यापुरता.

तरी पुढेमागे दाखल करावं लागलं तर असावी, म्हणून नवी पॉलिसी घ्यायचं ठरवलं. अर्जात आधीच्या आजारांचा रकाना असतो. लिहिलं तर त्या आजारासाठी जास्तीत जास्त 36 महिने थांबावं लागू शकतं, लपवलं आणि पुढे उघड झालं तर दावाच फेटाळला जाऊ शकतो. ओळखीचा एजंट म्हणाला, ‘झोप येत नाही हा काय आजार आहे का? सोडा रिकामं.’ मला ते पटकन पटलं. का पटलं, हे तपासताना दिसलं की पैशांची भीती त्यात थोडीच होती. कंपनीच्या कागदावर आमच्या आडनावासमोर ‘मानसिक आजार’ हा शब्द उमटू नये, हीच खरी इच्छा. म्हणजे कायद्याने दिलेला बरोबरीचा हक्क मला हवा होता, पण ज्या नावाने तो मागायचा ते नाव नको होतं. शेवटी रकाना भरला. प्रामाणिकपणाने भरला की दावा फेटाळण्याच्या धाकाने, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

सगळ्यात उशिरा सुचली ती गोष्ट त्याच कायद्यात आधीच्या पानांवर आहे. कलम 4 असं धरून चालतं की आपल्या उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता प्रत्येक माणसाकडे आहे, मानसिक आजार असलेल्याकडेसुद्धा. मी डॉक्टरांच्या पदव्या पाहिल्या, रुग्णालयं पाहिली, पॉलिसीची बारीक अक्षरं वाचली. भावाला काय हवं ते विचारलं नव्हतं. तो वेडा आहे असं मी कोणालाच म्हणू दिलं नसतं, पण वागत होतो ते तसंच धरून.

विचारलं तेव्हा तो फार काही बोलला नाही. ‘आदिलाबादलाच जाऊ. लवकर जाऊ. आणि दादा, डॉक्टरशी मी एकटाच बोलणार.’

मी लगेच म्हणालो, ‘अरे, पण सगळं नीट सांगायला कोणीतरी सोबत नको का?’ तो म्हणाला, ‘सगळं तुला माहीतच नाही.’ या वाक्याचा मला राग आला. डॉक्टरसमोर तो माझ्याकडेच बोट दाखवेल, ही भीतीही त्या रागात असावी. रिम्समध्ये मी बाहेर बाकावर बसलो, आणि त्याची फाइल उघडून पाहायचा मोह घरी येईपर्यंत दोनदा आवरावा लागला.