आम्ही चक्रधारी

माणसाने म्हातारपणी काय करावं, याविषयी आपल्या शास्त्रांत भरपूर सांगून ठेवलं आहे. वनात जावं, नामस्मरण करावं. वन परवडत नसेल तर सोसायटीचं सेक्रेटरीपद घ्यावं. पण वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी दिवाणखान्यातल्या टीपॉयला मोटारीचं स्टिअरिंग आवळून, समोरच्या टीव्हीत ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने जर्मनी पालथा घालावा, असं एकाही स्मृतीत लिहिलेलं नाही. मी ते करतो. आणि ते करता करता मला जो नैतिक पेच पडला, तो तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात आमच्या नातवापासून झाली. ओम तेरा वर्षांचा आहे. सुट्टीत तो सोफ्यावर अशा काही पद्धतीने पडलेला असतो की डोकं कुठल्या बाजूला आहे हे शोधावं लागतं. त्या अवस्थेत त्याच्या हातात एक ठोकळा असतो. तो त्याला कंट्रोलर म्हणतो. त्या ठोकळ्यावरच्या दोन बोंडांवर दोन अंगठे ठेवून हा मुलगा टीव्हीतली मोटार पळवतो. मधेच एक अंगठा काढून वेफर्स खातो, तरी गाडी आपली रस्त्यावर!

मला हे बघवेना. मी १९८४ पासून गाडी चालवतो आहे. पहिली गाडी सेकंडहँड फियाट. गिअर स्टिअरिंगच्याच दांड्यावर, आणि स्टिअरिंग इतकं जड, की सदाशिव पेठेतल्या बोळात गाडी वळवली की त्या दिवशी वेगळे जोर काढायची गरज नसे. अशा तालमीत तयार झालेला माणूस मी.

“याला काय ड्रायव्हिंग म्हणतात?” एक दिवस मी गरजलो. “हातात चाक पाहिजे, चाक! अंगठा सातबाऱ्यावर उठवायला असतो!”

हे उद्गार आमच्या चिरंजीवांनी मनावर घेतले. माझ्या वाढदिवसाला एक भलंथोरलं खोकं घरी आलं. आत खरंखुरं दिसणारं स्टिअरिंग आणि खाली ब्रेक-क्लच-अ‍ॅक्सिलरेटर. किंमत कुणी सांगितली नाही. पेन्शनरांना किंमत सांगायची नाही, हा आता घरोघरचा नियम आहे.

चाक मात्र झकास होतं. त्याच्या पोटात मोटर आहे. टीव्हीतली गाडी डांबर सोडून गवतावर गेली की इथे हाताला थरथर जाणवते. वळणावर चाक जड होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच फेरे फिरतं, अगदी गाडीसारखं. पहिल्या दिवशी मी शर्ट खोचून बसलो. सवयीने उजव्या खांद्यावर हात गेला, पण टीपॉयला सीटबेल्ट नव्हता. “निघताना देवाला नमस्कार करा हो,” आमची ही आतून म्हणाली. बायकोचं प्रेम हे असं वेळ साधून व्यक्त होतं.

शर्यत होती नुरबर्गरिंगची. हा जर्मनीतला १९२७ सालचा ट्रॅक, वीस किलोमीटरहून लांब आणि सगळा घाट. आपला वरंधा घाट कुणी तरी गोल जोडून त्यावर शर्यत लावावी, तसा प्रकार. मी तिसऱ्या वळणावर कठड्यात घुसलो. ओम आडवा पडून, दोन अंगठ्यांनी, पहिला आला.

“आबा, चाकाने अवघड जातं,” त्याने मला समजावलं. “कंट्रोलरमध्ये गेम आपल्याला थोडं सांभाळून घेतो.”

म्हणजे काय, तर ते बोंड हलणार जेमतेम बोटभर सुद्धा नाही. ते जर गाडीच्या चाकांना थेट जोडलं, तर अंगठा शिंकला तरी गाडी गर्रकन फिरेल. म्हणून वेग जास्त असला की गेम आपणहून चाकं कमी वळवतो. तुम्ही अंगठा टोकाला नेलात तरी तो मधल्या मधे ते हळुवार करतो. तुम्ही फक्त इच्छा व्यक्त करायची. सभ्य भाषेत तिचा अनुवाद गेम करणार.

“म्हणजे ही लबाडी झाली!” मी म्हणालो.

त्या दिवसापासून माझ्या हरण्याला एक तेज चढलं. मी शेवटचा येई, पण प्रामाणिकपणे शेवटचा येई. ओम जिंके, पण परक्याच्या मदतीने. मराठी माणसाला हरताना एवढं तत्त्व पाठीशी असलं की पुरतं.

हा सिद्धान्त मी सकाळच्या आमच्या बाकावर मांडला. तिथे एक निवृत्त गणिताचे मास्तर असतात. त्यांनी शांतपणे विचारलं, “तुमच्या दारातल्या गाडीला पॉवर स्टिअरिंग आहे ना?”

“आहे.”

“मग ती कोण वळवतं?”

गणिताच्या माणसांशी बोलू नये ते यासाठीच. मी घरी येऊन वाचायला बसलो, आणि चाकाचा माझा अभिमान आणखी सैल झाला. सुरुवातीच्या मोटारींना मुळी चाकच नव्हतं. होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा असे. १८९४ साली पॅरिस ते रुआं शर्यतीत आल्फ्रेड वाशरॉन नावाच्या गृहस्थाने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक लावलं. तेव्हाही एखादे आजोबा रस्त्याकडेला उभे राहून “याला काय ड्रायव्हिंग म्हणतात” म्हणाले असतील. पुढे १९८९ मध्ये फेरारीने शर्यतीच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगमागच्या दोन पट्ट्यांवर आणला, आणि पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, नायजेल मॅन्सेल ती गाडी घेऊन जिंकला. आज फॉर्म्युला वनच्या गाडीतलं चाक पाहा: ते गोल राहिलेलंच नाही. चपटं, बटणांनी भरलेलं, दोन्ही हातांत धरायचं. थोडक्यात, ठोकळा! आम्ही इकडे ठोकळा सोडून चाक धरतोय, आणि जगातले उत्तम ड्रायव्हर चाक सोडून ठोकळ्याकडे निघालेत.

बरं, हा नुसता पोरखेळ म्हणावा, तर तेही नाही. निसान आणि प्लेस्टेशनवाल्यांनी २००८ साली घरबसल्या हा गेम खेळणाऱ्यांतून खरे ड्रायव्हर निवडायला ‘जीटी अकॅडमी’ ही स्पर्धा सुरू केली. तिचा पहिला विजेता, स्पेनचा लुकास ऑर्दोन्येझ, २०११ साली ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आलेल्या गाडीच्या चालकांपैकी एक होता.

इकडे माझीही प्रगती सुरू झाली होती. एका रविवारी मी पाचवा आलो. पुढच्या रविवारी तिसरा. आणि गणपतीच्या आदल्या दिवशी पहिला! मी पेढे आणले. बाकावर वाटले. मास्तरांना दोन दिले.

नंतर एका दुपारी घरात कुणी नसताना माझ्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर एक यादी उघडली. ब्रेकला मदत: चालू. वळणाला मदत: चालू, आणि तीही जोरदार. घसरलं तर मदत: चालू. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. इतके दिवस चाक मी फिरवत होतो आणि गाडी दुसरंच कुणी तरी चालवत होतं!

संध्याकाळी ओमला समोर बसवला. तो खाली बघत म्हणाला, “तुम्ही रोज हरत होता ना, आबा. मला वाईट वाटायचं.”

रागवावं म्हणून तोंड उघडलं, आणि १९८९ सालचं एस. पी. कॉलेजचं मैदान आठवलं. याचा बाप सात वर्षांचा, भाड्याच्या सायकलवर. मी कॅरिअर धरून मागे पळतोय. “बाबा, सोडू नका हं!” तो ओरडतोय. “नाही सोडत!” मी ओरडतोय, आणि मी केव्हाच सोडलेलं आहे. फसवणुकीचं हे घराणं माझ्यापासूनच सुरू होतं. पोराला काय बोलणार?

त्या रात्री झोप येईना. महाभारतातली ती गोष्ट आठवली. युद्ध संपल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला आधी रथातून उतरायला सांगतो, मग स्वतः उतरतो. आणि तो उतरताच रथ भडकन पेटून राख होतो. द्रोण आणि कर्णाच्या अस्त्रांनी तो आधीच जळालेला होता. सारथी बसला होता म्हणून उभा होता. अठरा दिवस अर्जुनाची मदत ‘चालू’ होती आणि त्या बिचाऱ्याला वाटत होतं, काय रथ आहे आपला!

दुसऱ्या दिवशी ओमला सगळी मदत बंद करायला लावली. मी नऊ वेळा कठड्यात गेलो. त्यांतले सात कठडे एकाच बाजूचे होते. ओमच्या ते लक्षात आलं. “आबा, उजवीकडची गाडी तुम्हाला दिसतच नाही का?”

हे वाक्य ओळखीचं वाटलं. कुठे ऐकलं होतं? खऱ्या गाडीत, डाव्या सीटवरून. “अहो, उजवीकडून स्कूटर.” “अहो, रिक्षा.” “अहो, ब्रेक.” मी त्याला चाळीस वर्षं संसार म्हणत आलो होतो. रात्री जेवताना मी हिला विचारलं, “तू मला असं किती दिवस सांगतेस गं?”

ती ताक वाढत होती. वाटी खाली ठेवून म्हणाली, “बडबडते तर लग्नापासून. पण गरज पडते म्हणून बोलते ते गेल्या दिवाळीपासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला एका यंत्रापुढे बसवलं. आत कुठे तरी प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. त्यासाठी हातात काय दिलं, ओळखा. एक ठोकळा! अंगठ्याने दाबायचा. इथे मात्र सांभाळून घेणारं कुणी नव्हतं. काचबिंदू निघाला. या दुखण्यात दुखत काहीच नाही; बाजूचं दिसणं गुपचूप कमी होत जातं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांनी सांभाळता येतं. “थोडं लवकर आला असता तर बरं झालं असतं,” डॉक्टर म्हणाले. ही खिडकीबाहेर बघत राहिली.

तेव्हापासून पेच असा आहे. मदत घेणं ही लबाडी नाही, एवढं मला पटलं. बिनमदतीचा या जगात कुणीच नाही: अर्जुन नाही, ओम नाही, पॉवर स्टिअरिंगवाला मी तर नाहीच. पण न सांगता दिलेला हात? मी पोराची सायकल धरली तेव्हा तो हात सुटण्यासाठीच धरला होता. शिकणाऱ्याला फसवलं तरी चालतं, कारण ती फसवणूक चार दिवसांत आपणहून संपते. उतरणीला लागलेल्या माणसाला मागून धरलेला हात मात्र सुटत नाही, रोज थोडा घट्ट होतो. आणि धरणाऱ्याची माया जितकी खरी, तितकं त्या माणसाला आपण कुठे आलो हे उशिरा कळतं. मी हिला दोष देत नाही. मीही तेच केलं असतं. म्हणून तर भीती वाटते.

लायसन्सची मुदत आता संपते आहे. ते पुन्हा काढायचं नाही, हे मी आपणहून जाहीर केलं. कुणी आग्रह केला नाही. थोडा करायला हरकत नव्हती.

टीपॉयवरचं चाक अजून आहे. रविवारी मी खेळतो. मदत चालू ठेवून, पण यादी स्वतः उघडून, स्वतःच्या बोटाने चालू करून. पहिला आलो तरी पेढे आणत नाही. आणि दारातली गाडी आता सूनबाई चालवते. मी डाव्या सीटवर असतो. परवा लक्ष्मी रोडला मी म्हणालो, “डावीकडून स्कूटर. पुढे खड्डा. ब्रेक... ब्रेक!”

सूनबाईने सिग्नलला गाडी थांबवली आणि गोड आवाजात म्हणाली, “बाबा, जरा असिस्ट ऑफ करता का?”

मागच्या सीटवर ओम आणि त्याची आजी का हसत होते, ते मी वळून पाहिलं नाही.