हेतू आणि कृती यांमधील अवकाश

संगणकावरील फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शॉर्टकट कळा, म्हणजे दोन-तीन कळा एकत्र दाबून द्यायच्या आज्ञा, वेळ वाचवण्याची युक्ती म्हणून शिकवल्या जातात. परंतु त्यांचे खरे मोल वेगापेक्षा, वापरणाऱ्याचा हेतू आणि यंत्राची कृती यांमध्ये त्या राखून ठेवत असलेल्या अवकाशात आहे.

कट, कॉपी आणि पेस्ट या आज्ञा १९७०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ या मजकूर-संपादकासाठी घडवल्या, आणि पुढे अ‍ॅपलच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांनी त्यांना एक्स, सी, व्ही या शेजारच्या कळा दिल्या. मजकुरावर कट केले की तो पडद्यावरून तत्काळ नाहीसा होतो. विंडोजमध्ये फाइलवर कंट्रोल-एक्स दाबले असता मात्र तिचे चिन्ह केवळ फिकट होते, फाइल जागीच राहते, आणि क्लिपबोर्ड या तात्पुरत्या साठ्यात ती कोठे आहे व तिचे काय करायचे आहे एवढीच नोंद होते. पेस्ट होईपर्यंत विचार बदलला, तरी काहीही गमावलेले नसते. मॅकमध्ये तर फाइल आधी कॉपी करून, पेस्ट करताना ऑप्शन कळ जोडली तरच ती हलते. म्हणजे निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत खुला राहतो.

पेस्ट झाल्यावरही, डिस्कचा विभाग तोच असेल, तर फाइलीतील माहिती सहसा जागची हलत नाही, फक्त तिच्या पत्त्याची नोंद बदलते; म्हणूनच काही जीबींची फाइल क्षणात ‘हलते’. पेनड्राइव्हवर नेताना मात्र आधी प्रत तयार होते आणि नंतर मूळ फाइल पुसली जाते.

हलवणे धोक्याचे आणि कॉपी करणे निर्धोक, ही सर्वसाधारण समजूत म्हणूनच अपुरी ठरते. बॅकअपसाठी जाणीवपूर्वक केलेली प्रत आवश्यकच असते. पण निर्णय टाळण्यासाठी केलेल्या प्रतीमुळे एकाच अहवालाच्या दोन फाइली होतात, दुरुस्ती एकीत होते, दुसरी तशीच राहते, आणि प्रमाण कोणती हा प्रश्न पुढच्या माणसावर सोपवला जातो. फाइल हलवणाऱ्याला तिची योग्य जागा ठरवावीच लागते. यंत्राने दिलेला अवकाश हे ठरवण्यासाठी आहे, आणि संगणक-शिक्षणाने कळांच्या आधी हा विवेक शिकवला पाहिजे.