टेकडीच्या शेजाराला राहायचं तर

कौंडण्यपूरला वर्धेच्या काठावर जे उंच टेकाड आहे, तिथं माणसांनी दोन हजार वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा घरं बांधली. 1962 ते 1964 या काळात मोरेश्वर गं. दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा वस्तीखाली वस्ती निघत गेली, पार सातवाहनांच्याही मागे. लोक या गावाला रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखतात, आषाढीला इथून पंढरपूरला पालखी जाते, आणि ते सगळं मलाही प्रिय आहे. पण टेकाडावर उभं राहिलं की माझ्या मनात आधी येते ती जागेची निवड. नदी हाकेच्या अंतरावर, पण पुराच्या हाताला घर लागू नये इतकं उंच. वऱ्हाडातल्या जुन्या गावांची मांडणी अशीच असते: घरं पांढरीत, पेरणी काळीत, गुरं ई-क्लासात, म्हणजे चराईच्या जमिनीत. कुठं राहायचं यापेक्षा कुठं घर बांधायचं नाही, हे त्या मांडणीनं जास्त ठामपणे सांगितलेलं असतं.

ही मांडणी डोक्यात ठेवून मी अमरावतीच्या पूर्वेकडच्या वस्त्यांकडे पाहतो. कॅम्पाच्या पलीकडे जमीन चढत जाते. वडाळी, छत्री तलाव, तपोवन, विद्यापीठ, आणि त्यांच्या मागे पोहरा-मालखेडचं जंगल. 2011 च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या घरात गेलेल्या या शहरात खिडकी उघडली की डोंगर दिसावा, पहाटे मोराची केकावली ऐकू यावी, मे महिन्यातली रात्र गावाच्या मानानं जरा सुसह्य असावी, हे मोठं सुख आहे. ज्यांना ते लाभलं त्यांचा मला हेवा वाटत नाही. उलट माणसानं अशाच ठिकाणी राहावं असं वाटतं. प्रश्न एवढाच आहे की हे सुख कुणाच्या जिवावर उभं आहे, आणि ते घेणाऱ्यानं त्या बदल्यात काय सांभाळायचं.

जुनी अमरावती सपाटीवर वाढली. पेंढाऱ्यांच्या भीतीनं 1807 साली निजामाच्या राजवटीत तिच्याभोवती परकोट बांधायला घेतला, आणि व्यापारी, कापसाचे अडते, कारागीर सगळे त्याच्या आत दाटीवाटीनं राहिले. पूर्वेच्या टेकड्या तेव्हा राहण्याची जागा नव्हत्या, पण शहराला त्या लागत होत्या. त्यांच्या उतारावरून येणारं पाणी अडवून इंग्रजी अमदानीत वडाळी आणि छत्री हे तलाव तयार झाले आणि शहर त्यांचं पाणी प्यायलं. ज्याच्या घरात टेकडीचं पाणी येतं, त्याला टेकडीवरच्या झाडाचा आणि ओढ्याचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. उतार उघडा पडला की तलावात गाळ येतो, हे त्या पिढीला पाणी भरतानाच कळत होतं.

पुढं शहर वाढलं आणि हे तलाव अपुरे पडले. आज अमरावती पन्नासेक किलोमीटरवरच्या सिंभोऱ्याहून, ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी आणते. त्या जलाशयाला नल-दमयंती सागर असं नाव आहे, म्हणजे कौंडण्यपूरच्या वर्धेचं पाणी विदर्भाच्याच राजकन्येच्या नावानं शहराच्या नळाला येतं. या पाण्याचा पुढचा प्रवास नकाशावर जरूर पाहावा. पोहऱ्याच्या टेकड्या हा पाण्याचा दुभाजक आहे. त्यांच्या पूर्वेला, चांदूर रेल्वेकडे पडलेला पाऊस वर्धेला मिळून गोदावरीच्या वाटेनं बंगालच्या उपसागराकडे जातो. पश्चिमेला, शहराकडे पडलेला पाऊस पेढी, पूर्णा, तापी असा अरबी समुद्राकडे. आपण वर्धेचं पाणी उपसून दुसऱ्या खोऱ्यात आणतो, वापरतो आणि पेढीच्या दिशेनं सोडून देतो.

यात शहराची मोठी सोय झाली, मी ती नाकारत नाही. पण तेव्हापासून टेकडी लोकांच्या रोजच्या गरजेतून बाहेर गेली. पूर्वी ती पाणी द्यायची, आता ती देखावा देते. आणि देखाव्याची किंमत प्लॉटच्या दरात लागली की जो तो तिच्या आणखी जवळ सरकू पाहतो. एक ले-आउट पडतो, त्याच्या वर दुसरा. मधला ओढा आधी नाली होतो, मग नालीवर स्लॅब पडतो. उतारावरचं पाणी मात्र कुणाच्या सात-बाऱ्याकडे पाहून वाहत नाही. ते खाली येतं आणि अंबा नाल्याकाठच्या गरिबाच्या घरात शिरतं. डोंगरकुशीतल्या घराचा देखावा आणि नाल्याकाठच्या घरातला चिखल यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे आपण अजून बोलायला तयार नाही.

नागपूरकरांनी 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे हेच सोसलं. अतिवृष्टीत अंबाझरी तलाव भरून ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या, सुखवस्तू वस्त्याही पाण्यात गेल्या. तिकडे मुंबईत मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनखाली पाण्याची इंग्रजी काळातली टाकी आहे. ती नव्यानं बांधण्यासाठी शेकडो झाडं जाणार म्हटल्यावर रहिवासी उठले आणि ती योजना मागे पडली. तिथं राज्यातली बडी माणसं राहतात, त्यांचा आवाज ऐकला गेला. वडाळीचा आवाज कोण होणार?

आमच्याकडची हिरवळ मुंबई-पुण्यासारखी नाही, हे इथं सांगायलाच हवं. पोहऱ्याचं जंगल पानगळीचं आहे. साग, धावडा, सालई, तेंदू, पळस. आषाढात ते असं गच्च होतं की पायवाट दिसत नाही, आणि होळीनंतर तेच जंगल पान टाकून उभं राहतं. अंगावर फक्त पळसाची फुलं, मग तीही नाहीत. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तगायची ही त्याची रीत आहे. पण जाहिरातीतली हिरवाई पाहून घर घेतलेल्या माणसाला चैत्रातली ती करडी टेकडी मेलेली वाटते. तो तिला पडीक म्हणतो. पडीक म्हटली की तिथं मुरूम काढायला, मलबा टाकायला, वाळलेल्या गवताला काडी लावायला कुणाचं मन कचरत नाही. वणव्यात गवताचं बी आणि सागाची रोपं जळतात, आणि पहिल्या पावसाला धरून ठेवायला मातीत मुळंच उरत नाहीत. घराभोवती बारा महिने लॉन हिरवं ठेवायला बोअर खणायचं आणि खऱ्या जंगलाला पडीक म्हणायचं, हे मला पटत नाही. वऱ्हाडात हिरवाईवर प्रेम करायचं तर तिच्या करड्या महिन्यांवरही करावं लागेल.

बिबट्याचंही असंच. विद्यापीठाच्या आवारात तो दिसला की शहरात घबराट होते, आणि लहान लेकरं असलेल्या घरातली भीती खोटी नसते. पण तो तिथं का येतो? उघड्यावर टाकलेल्या उष्ट्याखरकट्यावर डुकरं आणि मोकाट कुत्री पोसली जातात, आणि ती त्याला चितळापेक्षा सोपी सापडतात. कचरा झाकला, दिवे लावले, रात्री एकट्या मुलाला बाहेर धाडलं नाही, तर दोघांचंही निभतं. पिंजरा लावा म्हणून निवेदन देण्याआधी आपल्या गल्लीतली कचऱ्याची जागा पाहायला हवी.

आणि तपोवन विसरून चालणार नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तिथं काम उभारलं, तेव्हा शहराला ती माणसं आपल्यात नको होती. गावाबाहेरचा खडकाळ माळ त्यांच्या वाट्याला आला. बोटं झडलेल्या हातांनी तिथं कष्ट केले, झाडं लावली, जगवली. आज त्याच बाजूला चांगला परिसर, शांत परिसर म्हणून लोक घर शोधतात. शहरानं ज्यांना टेकडीकडे लोटलं, त्यांनीच त्या टेकडीवर सावली धरली. तिथं घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबानं हे आपल्या मुलांना सांगावं असं मला मनापासून वाटतं.

टेकडीकडच्या या नव्या वस्त्या उठवा असं मी म्हणत नाही. पायथ्याशी राहा, सुखानं राहा. पण उतारावर आणखी ले-आउट नको, ओढ्यावर स्लॅब नको, आणि वडाळी-छत्रीच्या पाणलोटात एक ब्रासही मुरूम खणू देऊ नका. महापालिकेनं विकास आराखड्यात हा पाणलोट रेषा आखून वगळावा, आणि त्यासाठी पहिला अर्ज त्या टेकडीच्या शेजाराला राहणाऱ्यांनीच द्यावा.