वाळूची ऊब

जरा बसू या. चपला मागे सुरूच्या बनात राहू देत. फेब्रुवारीतली पहाट आहे आणि आपण वेळासच्या किनाऱ्यावर आहोत, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ. पायांशी मर्यादवेल पसरली आहे. समुद्राची गाज ऐका, आणि श्वास तिच्या लयीत येईपर्यंत काहीच करू नका.

आता तळहात वाळूवर टेका. वरची वाळू गार आहे. बोटं हळूहळू आत सारा. थोडं खाली गेल्यावर ऊब लागेल. ती कालच्या उन्हाची आहे. हात तिथेच राहू द्या.

याच उबेत, दीडेक फूट खाली, ऑलिव्ह रिडले कासवाची शंभर-सव्वाशे अंडी असतात. मादी रात्री येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, अंडी घालून वाळू लोटते आणि निघून जाते. पुन्हा बघायला येत नाही. पुढचे पन्नासएक दिवस सांभाळ वाळूचा. आतला जीव नर होणार की मादी, हे अंडं घातलं तेव्हा ठरलेलं नसतं. ते या दिवसांच्या मधल्या टप्प्यात वाळूची ऊब ठरवते. गार वाळूत नर अधिक होतात, तापलेल्या वाळूत माद्या. उंबरठा साधारण २९ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान. वाळू त्याहून फारच तापली, तर अंडी आतल्या आत मरतात.

एक अंश. बोटांकडे लक्ष द्या. एका अंशाचा फरक तुमच्या बोटांना कळेल का? अंड्याला कळतो.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर संशोधकांनी हिरव्या समुद्री कासवांना पाण्यात पकडून तपासलं. २०१८ साली निष्कर्ष आले. उत्तरेकडच्या, जास्त तापलेल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या प्रौढ कासवांत माद्या सुमारे ८७ टक्के होत्या. लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त. हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि थोडा वेळ नुसते पाहा. जितकी पिढी नवी, तितके नर कमी.

आता त्या नराचा विचार करू. हॅचरीत, म्हणजे अंडी राखायला किनाऱ्यावर केलेल्या कुंपणात, घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की तळहाताएवढंही नसलेलं पिल्लू अडखळत पाण्याकडे धावतं. जमिनीवरची त्याची वाट एवढीच. ते नर असेल, तर सहसा पुन्हा कधी किनाऱ्यावर येत नाही. वेळासला २००२पासून सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ही अंडी राखली. ज्या गावांत पूर्वी अंडी उकरून नेली जात, तिथे माणसं रात्री जागू लागली. पण जागणाऱ्यांना दिसतात त्या माद्याच. नर कमी होत गेले, तर किनाऱ्यावरून ते दिसणार नाही. पिल्लाला नुसतं पाहूनही ओळखता येत नाही, आणि ते वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. या फेब्रुवारीत वाळू काय ठरवते आहे, हे आपल्याला तेव्हा उमगणार. मला सगळ्यात जास्त हेच छळतं.

बाकी संकटं निदान दिसतात. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ इथून जवळच, दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं. झाडं पडली, छपरं उडाली, सगळ्यांनी पाहिलं. वाळू तापते तेव्हा आवाज होत नाही.

म्हणून काही ठिकाणी घरट्यात तापमान नोंदणारं इवलंसं यंत्र पुरून ठेवतात. हॅचरीवर सावलीचं कापड धरतात, कुठे पाणी शिंपडतात. केवढी साधी कामं! आजी उन्हात वाळत घातलेल्या सांडग्यांवर लक्ष ठेवायची, तशी.

ऊन वर आलंय. वाळूतला हात काढू नका. तुमची सावली पडली आहे तेवढ्या तुकड्यावर दुसरा हात ठेवा, मग तो उचलून बाहेरच्या वाळूवर ठेवा. पुन्हा सावलीत आणा. थोडा वेळ एवढंच करत राहू.