गोळी सुरू झाली आणि जुगार लागला

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ साली पार्किन्सनच्या ११ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. हे सगळे जुगाराच्या पुरते आहारी गेले होते. त्यांतल्या ६८ वर्षांच्या एका गृहस्थांना आधी हा नाद नव्हता; त्यांनी सहा महिन्यांत दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम कॅसिनोत घालवली. उतारवयात बुद्धी फिरली, असंच कुणीही म्हणालं असतं. पण या सगळ्यांत एक साम्य होतं. नऊ जण प्रामिपेक्सोल नावाची गोळी घेत होते, उरलेले दोघे त्याच गटातली रोपिनिरोल. सात जणांचा जुगार औषधाची पूर्ण मात्रा सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर तीन महिन्यांच्या आत सुरू झाला होता. ज्यांची पुढची माहिती मिळू शकली, त्यांचा नाद गोळी कमी किंवा बंद केल्यावर सुटला.

आपण ज्याला चारित्र्य म्हणतो, त्यातला एवढा मोठा भाग मिलिग्रॅमवर हलावा, हे पचायला जड जातं.

पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, मध्यमेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. डोपामीन हा मेंदूत निरोप पोचवणारा स्वतंत्र पदार्थ आहे, हे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास दाखवलं. त्याबद्दल २००० साली त्यांना नोबेल मिळालं. डोपामीन आटलं की हात थरथरतात, पाऊल उचलत नाही, चेहरा निर्विकार होतो. प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्या डोपामीनची नक्कल करतात आणि अडलेल्या हालचाली मोकळ्या करतात. अनेक रुग्णांना या गोळ्यांमुळे शर्टाची बटणं पुन्हा स्वतःच्या हाताने लावता येतात. हे उपकार कुणी विसरू नयेत.

अडचण अशी, की रोगाच्या सुरुवातीला मेंदूचा सगळा भाग सारखा कोरडा पडत नाही. हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या भागात टंचाई असते, तर ओढ आणि मोबदला यांच्याशी निगडित भागात डोपामीन बरंच शिल्लक असतं. कोरड्या वाफ्यासाठी पाट फोडावा आणि शेजारच्या ओल्या वाफ्यात पाणी तुंबावं, तसं काहीसं होतं. त्यात प्रामिपेक्सोल पेशींवरच्या ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) विशेष चिकटतं, ते नेमके या दुसऱ्या भागात जास्त असतात.

डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे, आणि या चुकीमुळे व्यसनी माणसावर अन्याय होतो. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांच्या प्रयोगांत डोपामीन जवळजवळ नाहीसं केलेले उंदीर स्वतःहून अन्नाकडे जात नव्हते. पण तोंडात साखरेचं पाणी टाकलं की पूर्वीसारखेच जिभल्या चाटत होते. गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली. अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की डोपामीनच्या पेशी उसळतात. काही दिवसांनी रसाआधी लागणाऱ्या दिव्यालाच त्या उसळतात, रसाला नाही; आणि दिवा लागूनही रस आला नाही तर त्या गप्प होतात. जुगाराचं यंत्र हीच नस पकडतं. म्हणूनच पैसे हरणारा माणूस मजा येत नाही असं सांगतो आणि तरी उठत नाही. तो खोटं बोलत नसतो.

मग माणसाकडे काहीच उरत नाही का? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पार्किन्सनचे ३,०९० रुग्ण तपासले गेले. प्रामिपेक्सोलच्या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्क्यांना जुगार, बेसुमार खरेदी, अनावर खाणं किंवा अनावर लैंगिक वर्तन यांपैकी काहीतरी जडलं होतं. न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६.९ टक्के होतं. म्हणजे गोळी घेणाऱ्या शंभरातल्या ८० हून अधिक जणांना असं काही झालं नाही. वय कमी, लग्न झालेलं नाही, धूम्रपान, घराण्यात कुणाला जुगाराचा नाद, अशांना धोका अधिक होता. रसायन ढकलतं, पण समोर कोण उभं आहे आणि त्याच्या हाताशी काय आहे, यावर बरंच ठरतं. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून हेच मानून काम चालतं. तिथे व्यसनमुक्त झालेली माणसं पुढे समुपदेशक म्हणून उभी राहतात, कारण सोबतीनेही माणूस बदलतो.

या साऱ्याचा अर्थ जबाबदारी पुसली जाते, असा नाही. ज्याने बायकोला न सांगता ठेवी मोडल्या, त्याला ते पैसे भरून द्यावेच लागतील, तिच्यापुढे बसून बोलावंच लागेल. पण त्याला लंपट, नालायक ठरवणं हे असत्य आहे आणि असत्याने कुणी सुधारत नाही. शिवाय जबाबदारीचा वाटा इतरांकडेही जातो. २००८ मध्ये मिनियापोलिसच्या न्यायालयात ज्यूरीने प्रामिपेक्सोल विकणाऱ्या कंपन्यांना ८२ लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं, कारण या धोक्याची पुरेशी सूचना रुग्णाला दिली गेली नव्हती. मानसिक आजारांवरच्या ॲरिपिप्राझोलबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशीच सूचना २०१६ मध्ये काढली.

भारतातही या गोळ्या मिळतात, आणि जुगार आता गावाच्या वेशीबाहेर राहिलेला नाही. पैशांवर खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला. तोवर रमी आणि पैजा कित्येक वर्षं खिशातल्या फोनवर होत्या. बंदी आवश्यकच होती, मात्र खरेदीची ॲप आणि रात्रभर सरकणाऱ्या चित्रफिती अजून त्याच फोनवर आहेत. अशा वेळी कंपवातासाठी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरने एक मिनिट काढून विचारायला हवं: खर्च वाढलाय का, खेळाचा नाद लागलाय का, खाण्यावरचा ताबा सुटलाय का, शरीरसंबंधांची मागणी वाढलीय का? रुग्ण आपणहून हे सांगत नाही. आजोबा झालेल्या माणसाला मुलांसमोर हे कसं सांगता येईल? म्हणून त्याच्याशी एकट्याशी आणि जोडीदाराशी वेगळं बोलावं, गोळी सुरू होण्याआधी आणि नंतरही.

असं काही लक्षात आलं की घरचे घाबरून गोळ्यांचा डबाच लपवतात. ते धोक्याचं आहे. औषध एकदम तोडलं तर काहींना जबर अस्वस्थता, भीतीचे झटके, उदासी आणि त्या औषधाचीच तीव्र ओढ लागते, म्हणजे व्यसन सोडताना होतो तसाच त्रास होतो, आणि लेव्होडोपा हे कंपवातावरचं मुख्य औषध वाढवूनही तो शमत नाही. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते, आणि त्या दिवसांत बँकेचे व्यवहार रुग्णाच्या संमतीने घरातल्या दुसऱ्या कुणी पाहावेत.