दुष्काळासाठी खोदलेल्या कालव्याचा हिशेब

कोऱ्हाळे बुद्रुकच्या परिसरात जिकडे पाहावं तिकडे ऊस. त्याच बारामती तालुक्यात सुपे-मोरगावकडे जिरायत बाजरी, ज्वारी आणि पाऊस हुकला की टँकर. तालुक्याचं पाऊसमान पाचशे मिलीमीटरच्या आसपास. उसाला लागतं त्याच्या कितीतरी पट. फरक पडतो तो नीरा डाव्या कालव्यामुळे, आणि त्याचं पाणी पडतं भोरच्या डोंगरांत. हवामानबदलावरचं अर्थशास्त्र वाचताना हा तालुका मी समोर ठेवतो, कारण त्या शास्त्राची मोठी अडचण इथे फार आधीच दिसून गेली आहे.

1876-78 च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर, 1880 च्या दशकात हा कालवा झाला तो माणसं आणि जनावरं वाचावीत म्हणून. सरकारी खतावणीत मात्र त्याला गुंतवलेल्या भांडवलावर काय सुटतं, हेच विचारलं गेलं. बरा पाऊस झाला की शेतकरी पाणी घेत नसत आणि दुष्काळात सगळेच मागत. पाणीपट्टीचा मेळ बसेना. अभियंते विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर जमिनीचे गट पाडून पाणी देण्याची ‘ब्लॉक’ पद्धत आणली. पाणी अनेक गावांत वाटलं जावं आणि उसाखालचं क्षेत्र मर्यादित राहावं, ही तिच्यातली दृष्टी. पण वर्षभर पाणी घेऊन खात्रीनं पट्टी भरणारं पीक ऊसच होतं. पुढे कालवा कोणाच्या मागे गेला, हे शिवारात दिसतंच. यात कोणाचा कट नव्हता. जे मोजलं, तेच वाढलं.

मोजण्याची कक्षा नंतर रुंदावली. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी-प्रवरा कालव्यांचा जो अभ्यास केला (1948), त्यात पाणीपट्टीपलीकडचे, रोजगार-व्यापारातले अप्रत्यक्ष लाभही धरले. विचाराची ती मोठी झेप होती. तरी प्रश्न लाभाचाच राहिला. संकट टळल्याची किंमत कशी लावायची, हा राहूनच गेला.

जगाच्या पातळीवर तो प्रश्न अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी हाती घेतला. 1990 च्या दशकात हवामान आणि अर्थव्यवस्था त्यांनी एकाच समीकरणमालेत बांधली आणि 2018 चं नोबेल त्यासाठी मिळालं. पण सारं येऊन थांबतं वटावाच्या दरावर, म्हणजे भविष्यातलं नुकसान दरवर्षी किती टक्क्यांनी घटवून आजच्या किमतीत मोजायचं, त्यावर. शंभर वर्षांनंतरचं 100 रुपयांचं नुकसान 1.4 टक्क्यांनी मोजलं तर आज सुमारे 25 रुपये. 5 टक्क्यांनी मोजलं तर 76 पैसे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी 2006 मध्ये 1.4 च्या जवळपासचा दर घेतला आणि तातडीनं उत्सर्जन घटवा म्हटलं. नॉर्डहाउस यांच्या चढ्या दरातून कितीतरी सावकाश वाट निघाली. विज्ञान तेच, फरक पणतवंडांच्या किमतीचा. हा दर गणितानं ठरत नाही, आपण ठरवतो.

दुसरी एक पद्धत वेगवेगळ्या हवामानातल्या जमिनींचं उत्पन्न ताडून पाहते आणि त्यावरून उष्णतेचा फटका काढते. भारतासाठी अशी मांडणी मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील ज्योती पारीख आणि के. एस. कवी कुमार यांनी केली आणि शेतीच्या निव्वळ उत्पन्नात घट दाखवली. काम मोलाचं आहे. पण कोऱ्हाळ्याच्या उसाचं उत्पन्न कोऱ्हाळ्याच्या पावसाशी जोडलं तर हिशेब फसतो. बागायतीचं पाणी भोरच्या डोंगरांतल्या पावसाचं. अमेरिकेतल्या अभ्यासांवरही सिंचनाबाबत हाच आक्षेप 2005 मध्ये श्लेंकर, हॅनेमन आणि फिशर यांनी घेतला होता.

म्हणून ही आर्थिक प्रतिमानं फेकून द्यावीत असं मला अजिबात वाटत नाही. हिशेबाविना धोरण म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं धोरण. मला हवी आहे ती प्रश्नांची अदलाबदल: सरासरी वर्षात किती मिळेल, याआधी वाईटात वाईट वर्षी कोण बुडेल, हे विचारा. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी 2009 मध्ये हेच सांगितलं, की संकटाची शक्यता लहान असली तरी तिचं ओझं सगळ्या सरासऱ्यांपेक्षा जड असू शकतं.

हा प्रश्न न विचारल्यानं काय होतं, त्यासाठी उसापासूनच्या इथेनॉलचं घ्या. आयात तेलाची बचत, परकीय चलन, कारखान्यांची रोकड, सारं मांडलं गेलं. पाणी कोपऱ्यात राहिलं. 2023 चा पाऊस तुटला, साखरेची चिंता लागली आणि 7 डिसेंबरला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात ती मर्यादेसह सैल केली. कारखान्यांचे गुंतवणुकीचे आराखडे मात्र भरल्या धरणांच्या वर्षांवर बेतलेले होते. पुढचा आराखडा मंजूर करताना 1972 च्या दुष्काळासारखं वर्ष त्यात घालून दाखवा आणि वटावाचा दर किती धरला, तो पहिल्याच पानावर मराठीत छापा, एवढी मागणी नीरेच्या खोऱ्यातल्या कोणत्याही ग्रामसभेनं करायला हरकत नाही.